क्लब हरतोय म्हणून ओरडायचं का?

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण झालं. निमित्त नातवाचं. तो सतरा वर्षांचा, बारावीला आहे आणि इथल्या एका लहानशा फुटबॉल क्लबाच्या मागे वेडा आहे. हा क्लब सलग सात मॅच हरला. म्हणून या पोरांनी ठरवलं की येत्या शनिवारी तिकीट काढायचं नाही, मैदानाच्या गेटबाहेर फलक घेऊन उभं राहायचं. नातवाने फलकाचा फोटो मोठ्या अभिमानाने ग्रुपवर टाकला. लाल रंगात मोठी अक्षरं, ‘खेळाडूंनो, लाज वाटत नाही का?’

मग काय, सगळे तुटून पडले. माझा मुलगा, म्हणजे त्याचा बाप, म्हणाला परीक्षा तोंडावर आलीय आणि तू गेटवर उभा राहणार? पुण्याच्या चुलत बहिणीने खिलाडूवृत्तीवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. आमचे वडोदऱ्याचे मेहुणे ऐंशीच्या पुढचे, त्यांनी लिहिलं की आपल्या माणसांनी रस्त्यावर उतरावं ते भाषेसाठी, हक्कासाठी. चेंडूसाठी उतरायला आपण काय रिकामटेकडे आहोत? यावर बेळगावच्या भाच्याने लगेच दोन हात जोडले. त्याच्या घरात तीन पिढ्या मोर्चे झालेत, त्याचं मी समजू शकतो.

नातू बिचारा एकटा पडला. रात्री माझ्या खोलीत येऊन विचारलं, आजोबा, तुमचं काय मत? मी म्हटलं, दोन दिवस दे. बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस लगेच सही करत नाही.

आता मत सांगतो. पोरांनी शनिवारी उभं राहावं. माझा पाठिंबा आहे. पण फलक चुकला आहे, आणि का चुकला हे सांगायला मला माझ्याच दोन चुका आधी सांगाव्या लागतील.

आमच्या घरात नाटक, भजन, कालोत्सव. फुटबॉल म्हणजे सासष्टीच्या लोकांचा खेळ अशी माझ्या वडिलांची समजूत. ती समजूत ज्यांनी मोडली त्यांत ब्रह्मानंद शंखवाळकर पहिले. साळगावकरचा गोलकीपर, पुढे भारताचा कप्तान. त्यांचं नाव पेपरात यायला लागलं तेव्हा वडीलही पेपराचं शेवटचं पान आधी उघडायला लागले. मी तोवर बी.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो. पगार हातात आला की रविवारी मैदान. छत्री, शेंगदाण्याची पुडी आणि बाजूला साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे.

त्या काळात बऱ्याच खेळाडूंचं पोट बँका आणि सरकारी खात्यांवर होतं. खेळाडू म्हणून नोकरी, सकाळी सराव, मग काउंटर. आमच्या शाखेतही एक जण होता. सासष्टीचा, एका मधल्या फळीतल्या क्लबाचा गोलकीपर. नाव लिहीत नाही, त्याची मुलं-नातवंडं इथे वाचत असतील. रोख विभागात माझ्या शेजारचं काउंटर त्याचं. हात असा की नोटांचं बंडल मोजताना पाहत राहावं.

एका रविवारी त्याच्या हातून चेंडू निसटला आणि मॅच गेली. तो क्लब त्या मोसमात सारखा हरत होताच. मी स्टँडमध्ये होतो, आणि सगळ्यांबरोबर मीही ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा काउंटरला बसला. पहिल्याच गिऱ्हाईकाने पैसे आत सरकवले आणि मोठ्याने म्हणाला, “घट धर रे, निसरतलें!” सगळी रांग हसली. मीही हसलो. दुसऱ्याने तेच म्हटलं, तिसऱ्यानेही. दुपारपर्यंत हे चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो कॅन्टीनला आला नाही. मंगळवारी त्याने मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला की मला मागच्या खोलीत, लेजरवर बसवा. पुढची दोन वर्षं तो मागेच बसला. काउंटरला आलाच नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा तो मडगावच्या बाजारात भेटला. मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, तू होतास का त्या दिवशी? मला आठवत नाही. मला फक्त तो पहिला गिऱ्हाईक आठवतो. मग मासळीच्या भावावर बोलत राहिला. मला वाटतं त्याला आठवत होतं.

ही पहिली चूक. दुसरी याहून वाईट, कारण तोवर मी शहाणा व्हायला हवा होतो. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा. आयएसएलची फायनल, आपली एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. शेवटची काही मिनिटं उरली असताना गोवा २-१ पुढे. स्टेडियम नाचत होतं, फटाके बाहेर काढले होते. आणि नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीला लागून आत गेला, स्वयंगोल. पाठोपाठ मेंडोझाचा गोल. ३-२. काही मिनिटांत सगळं संपलं. आपल्याच पोरावर आजूबाजूचे लोक काय काय बोलले! माझ्या तोंडूनही एक शब्द गेला. चौसष्ट वर्षांचा माणूस, शेजारी नातू, तेव्हा तो सातेक वर्षांचा. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं.

पुढचं फुटबॉलवाल्यांना माहीत आहे, पण इतरांसाठी सांगतो. २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, पुन्हा आयएसएलची फायनल. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. हैदराबादच्या गोलमध्ये तोच कट्टीमनी. त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला. मी टीव्हीवर पाहत होतो. नातू म्हणाला, आजोबा, हा तोच ना? मी चष्मा पुसत बसलो.

म्हणून खेळाडूला ‘लाज’ विचारणारा फलक मला मान्य नाही. हरणारा खेळाडू तुमच्याआधी हरलेला असतो, आणि सोमवारी त्याला कुठल्या तरी काउंटरला बसायचंच असतं.

इथे पुण्याची बहीण म्हणेल, बघ, मीही तेच म्हणत होते, खिलाडूवृत्ती. नाही बाई, थांब. तू म्हणतेस हरलं तरी टाळ्या वाजवा आणि घरी जा. हे मला खेळाडूच्या बाबतीत मान्य, क्लब चालवणाऱ्यांच्या बाबतीत मुळीच नाही. हे दोन वेगळे पक्ष आहेत आणि आपण त्यांची सारखी गल्लत करतो. ठेवीदार कॅशियरवर चिडतो ना, तसं. कॅशियरच्या हातात काय असतं? व्याजदर तो ठरवत नाही, कर्ज तो वाटत नाही. पण काचेच्या पलीकडे दिसतो तो तेवढाच, म्हणून शिव्या त्याला. आणि ज्यांनी कर्ज वाटलं ते वरच्या मजल्यावर एसीत.

आता इंग्लंडमधलं एक उदाहरण देतो, कारण या प्रश्नाचं यापेक्षा स्वच्छ उत्तर मला कुठे सापडलं नाही. ब्लॅकपूल नावाचं समुद्रकाठचं गाव. तिथला क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढला, एका वर्षात खाली आला. पण त्या एका वर्षात टीव्हीच्या हक्कांचा प्रचंड पैसा क्लबाकडे आला. लोकांना दिसेना की तो गेला कुठे. चांगले खेळाडू येईनात, संघ घसरत गेला, २०१५ मध्ये आणखी एक पायरी खाली, पुढच्या वर्षी आणखी एक. मे २०१५ मध्ये लोक मैदानात घुसले आणि मॅच अर्धवट सोडावी लागली. मालक ऑइस्टन कुटुंब. टीका करणाऱ्या काही चाहत्यांवर बदनामीचे दावेही लागले.

मग लोकांनी एक साधी गोष्ट केली. जायचंच बंद केलं. ‘यापुढे एक पेनीही नाही’ अशी घोषणा. तिकीट नाही, जर्सी नाही, मैदानातला चहासुद्धा नाही. ज्यांनी बापाबरोबर, आजोबाबरोबर प्रत्येक मॅच पाहिली ती माणसं शनिवारी गेटबाहेर उभी राहायची आणि परत जायची.

आता खरी गोष्ट ऐका. मे २०१७ मध्ये हाच क्लब वेम्बलीला प्ले-ऑफची फायनल खेळला आणि एक्झेटरला २-१ हरवून वरच्या श्रेणीत गेला. वेम्बली म्हणजे त्या लोकांची पंढरी. तरीही हजारो लोक गेले नाहीत. क्लब जिंकत होता आणि ते घरी बसले होते! हरल्याचा राग असता तर त्या दिवशी विरघळला असता. त्यांना जिंकायचं नव्हतं का? त्यांना आधी हिशोब हवा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाचा निकाल आला. दावा लोकांचा नव्हता, क्लबातल्या दुसऱ्या भागीदाराचा होता. क्लबातून पैसा गैर रीतीने काढून घेतला गेला असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि त्या भागीदाराला तीन कोटी पौंडांहून जास्त रक्कम द्यायचा आदेश दिला. २०१९ मध्ये कोर्टाने रिसीव्हर नेमला, ऑइस्टन गेले. ९ मार्च २०१९ ला लोक परत आत गेले, पंधरा हजारांवर. मॅच बरोबरीत सुटली. कोणाला त्याचं काय!

आम्हा कॉमर्सवाल्यांना गुडविल शिकवतात. धंद्याचं नाव, गिऱ्हाइकांचा जीव, त्याची किंमत. गंमत अशी की स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात दाखवता येत नाही. धंदा विकला गेला आणि घेणाऱ्याने मालमत्तेच्या किमतीहून जास्त मोजले, तर ते जास्तीचे पैसे घेणाऱ्याच्या वहीत गुडविल म्हणून चढतात. फुटबॉल क्लबाकडे असतं काय? बहुतेकांकडे स्वतःचं मैदानही नसतं. करारावरचे खेळाडू, काही गोलपोस्ट, एक बस. बाकी सगळं ते गुडविल, म्हणजे पावसात छत्री धरून बसणारे तुम्ही-आम्ही. आणि वहीत आपल्या नावाने ओळ नाही. ‘क्लब मालकाचा, तुम्ही कोण विचारणारे’ असं जे लोक म्हणतात त्यांनी या ओळीचा विचार करावा. शेअरहोल्डर नसू, पण क्लब विकताना जे विकलं जातं ते आपणच असतो.

हैदराबादची आपली मंडळी इथे आहेत, त्यांना हे दुखेल. २०२२ मध्ये चषक नेला, आणि पुढच्या दोन मोसमांत खेळाडूंचे पगार थकले, चांगले खेळाडू सोडून गेले, २०२३-२४ मध्ये संघ तक्त्यात तळाला. मग मालक बदलला, आणि २०२५ मध्ये क्लबच दिल्लीला गेला, नावही बदललं. तळाला असताना जे लोक संघाला नावं ठेवत होते त्यांचं खरं नुकसान तक्त्यात दिसतच नव्हतं. ते पगाराच्या वहीत दिसत होतं.

आणि दुसऱ्यांचं कशाला, आपल्या गोव्याचंच बोलू. हे लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय लीग १९९६ ला सुरू झाली. पहिल्या वीस मोसमांतली नऊ विजेतेपदं गोव्याची. धेंपोची पाच, साळगावकरची दोन, चर्चिल ब्रदर्सची दोन. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत तर सलग सात वर्षं विजेता गोव्याचाच. एवढ्याशा राज्याचा! कलकत्त्यातली लाखांची गर्दी बघत बसली. त्या सात वर्षांतही एखादी मॅच गेली की आम्ही प्रशिक्षकाला घरी पाठवायला निघायचो. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त हेडमास्तर होते, ते प्रत्येक पराभवानंतर पेपरला पत्र लिहायचे.

मग २०१६ उजाडलं. महासंघाने आराखडा मांडला, आयएसएल वर आणि आय-लीग खाली. म्हणजे ज्या क्लबांनी पन्नास वर्षं फुटबॉल पोसला ते दुय्यम. जून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. मागोमाग धेंपो. धेंपो तर आदल्या वर्षी खाली घसरून दुसऱ्या श्रेणीत विजेते होऊन नुकतेच वर आले होते. एका पावसाळ्यात तीन क्लब राष्ट्रीय नकाशावरून पुसले गेले.

आम्ही काय केलं? मी त्यातल्याच एका क्लबाचा तीस वर्षांचा माणूस. मी पेपर वाचला, चहा प्यालो, ‘वाईट झालं’ म्हटलं. हेडमास्तरांनी पत्र लिहिलं नाही. माझ्या ओळखीतलं कोणी कुठे फलक घेऊन गेलं नाही, ना क्लबाच्या दारात, ना महासंघाच्या. एका चुकलेल्या पासावर घसा फोडणारे आम्ही, क्लबच उचलून नेला तेव्हा घरात. मनात म्हणत होतो, आता एफसी गोवा आहे ना, चालेल. चालतंय की. पण २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला, हक्कांचा करार संपत आला म्हणून, आणि जुलैपासून खेळाडू वाट बघत बसले, तेव्हा मला २०१६ आठवलं. त्या वेळी विचारायचे प्रश्न आम्ही विचारले नाहीत. उतारवयात माणूस अशा गोष्टी मोजत बसतो.

यावर एक रास्त मुद्दा आहे, तो टाळत नाही. गोव्याचे मोठे क्लब खाणमालकांच्या आणि उद्योगपतींच्या घराण्यांनी चालवले. स्वतःच्या खिशातून. आम्ही दिलेल्या तिकिटाच्या पैशांत त्यांचे बूटही आले नसते. त्यांनी दशकानुदशकं तोटा सोसला, पोरांना नोकऱ्या दिल्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचंही कंबरडं मोडलं असेल. मग त्यांच्या दारात उभं राहून जाब विचारणं कृतघ्नपणा नाही का? मी यावर फार विचार केला. मला वाटतं, घरमालकाने भाड्याशिवाय राहायला दिलं म्हणजे घर पाडताना सांगायचं नाही असं होत नाही. आणि आम्ही दारात गेलो असतो तर कदाचित त्यांच्या बाजूनेच उभे राहिलो असतो, महासंघाला सांगायला, की हे क्लब आमचे आहेत. कोणी मागे उभं आहे असं त्यांना तरी कुठे दिसलं?

मेहुण्यांच्या प्रश्नाकडे येतो. भाषेसाठी उतरा, चेंडूसाठी नको. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा गोव्यात जनमत कौल झाला, जानेवारी १९६७. आमच्याच वाड्यावर दोन्ही बाजूंची माणसं होती, सख्खे भाऊ बोलत नव्हते. ते मोठं होतं, मान्य. पण मेहुणे, आपल्यासारखी परमुलखात रुजलेली माणसं टिकतात कशावर? वडोदऱ्यात तुमचं गणपती मंडळ आहे, ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयाची वार्षिक सभा तुम्हीच एकदा उधळलीत, हिशोब वेळेवर मांडला नाही म्हणून! घरी येऊन अभिमानाने सांगितलं होतंत. इथल्या पोरांचं ग्रंथालय म्हणजे ते मैदान. त्यात हिंदू-ख्रिस्ती, मराठी-कोंकणी सगळी एकत्र बसतात. दुसरीकडे कुठे बसतात सांगा.

रस्त्यावर उतरण्यात धोका आहे हे मला ठाऊक आहे. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमध्ये स्टँडमध्ये दंगल झाली आणि सोळा जण मेले. खेळ बघायला गेलेली पोरं. त्या बातमीनंतर आईने मला दोन महिने मैदानावर जाऊ दिलं नव्हतं, मी नोकरीला असताना! तो राग समोरच्या माणसावरचा राग होता. आणि २१ जुलै २०२१ ला त्याच शहरात ईस्ट बंगालचे चाहते क्लबाच्या दारात जमले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आदल्या मोसमात तो संघ अकरा संघांत नववा होता. तो सगळा मोसम कोरोनामुळे आपल्या गोव्यात रिकाम्या मैदानांवर झाला होता, आठवत असेल. पण लोक नवव्या क्रमांकासाठी आले नव्हते. गुंतवणूकदाराबरोबरच्या करारावर क्लब सही का करत नाही, आमच्या शतकभर जुन्या क्लबाचं काय होणार, हे विचारायला आले होते. करार बरा की वाईट यावर चाहत्यांतच दोन तट होते, आणि ते असणारच. लाठी खाण्याची हौस कोणाला नसते, पण त्या पोरांचा प्रश्न बरोबर होता असं मी म्हणेन.

केरळच्या मंजप्पडानेही जानेवारी २०२५ मध्ये तेच केलं. डिसेंबरात प्रशिक्षकाला काढून क्लब मोकळा झाला होता, नेहमीची युक्ती. चाहते म्हणाले, प्रशिक्षक नव्हे, व्यवस्थापन बोलू दे. तिकिटं विकायला आम्ही मदत करणार नाही. जर्मनीत तर फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकली, लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा बेत होता म्हणून. बेत मागे घ्यावा लागला. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांची, त्यामुळे आवाजाला वजन. आपल्याकडे सभासद म्हणजे कार्यक्रमाला खुर्च्या लावणारा.

तर दोन दिवसांनी मी नातवाला बोलावलं. म्हटलं, सात मॅच हरले हे सोड. त्याआधी क्लबात काय झालं ते सांग. तो म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, नीट आठव. तेव्हा कळलं की सप्टेंबरात क्लबाने पंधरा वर्षांखालच्या मुलांचा सराव बंद केला. वर्षाची फी जूनमध्ये घेतली होती. मुलांच्या प्रशिक्षकाला काढलं. मैदानाच्या मागच्या गेटला कुलूप. पालकांनी विचारलं तर ‘कळवू’. अजून कळवलेलं नाही. चौकशी केली तर आमच्या वाड्यावरची चार मुलं त्यात निघाली. त्यातल्या एकाचे वडील बसवर कंडक्टर आहेत. त्यांच्याकडे पावती आहे, मी डोळ्यांनी पाहिली. शिक्का आहे, सही वाचता येत नाही.

मी नातवाला म्हटलं, हे तुमच्या फलकावर का नाही? तो म्हणाला, आजोबा, ते लहान मुलांचं आहे ना, ते कोण वाचणार?

माझा पारा चढला. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघे बसलो. जुना फलक उलटा केला, पाठ कोरी होती. मी म्हटलं, घोषणा नको, प्रश्न लिही. मुलांचा सराव का बंद? फी परत कधी? मैदानाला कुलूप कोणाच्या हुकमाने? ‘लाज’ हा शब्द कुठेही येणार नाही. खेळाडूंची बस आली की बाजूला व्हायचं आणि टाळ्या वाजवायच्या, आठवी हरायला आले असले तरी. गेट अडवायचं नाही. सचिवांच्या नावे अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. पोरं हसली मला, पण अर्ज मीच टाइप केला. कंडक्टरसाहेबांच्या पावतीची झेरॉक्स जोडली आहे.

शनिवारी मीही जाणार आहे. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, म्हणतो पोराला बिघडवलंत. सुनेने मात्र काल विचारलं की किती वाजता निघायचं, आणि घडीची खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. ऊन असेल, टोपी घालतो. या भागातले कोणी येणार असाल तर साडेतीनला गेटपाशी या, आणि तुमच्याकडे जूनची पावती असेल तर ती घेऊन या.